किती झाकायचं

पवईच्या तलावातली जलपर्णी काढतो मी.
यंत्र काढतं, मी नुसता दांडा ओढतो,
असं मुकादम म्हणतो, आणि ते खोटंही नाही.
पट्टा पाण्यात तिरका उतरतो,
मुळांसकट हिरवं वर येतं, ठिबकत,
दिवसाला तीन डंपर.
सकाळी पाहावं तर तलाव पुन्हा तसाच,
जणू रात्रभर कुणी विणत बसलं होतं.

म्हणून मृण्मयी जेव्हा म्हणाली,
बाबा, आपल्या टाकीला तरंगणारी झाडं हवीत,
तेव्हा मला जेवताना ठसका लागला.
विकत? पैसे देऊन?

ती हसली नाही.
फ्रिजशेजारी दोन फुटी काचेची टाकी,
तिच्यात मोती गुरामीची जोडी.
आणून अकरा दिवस झाले,
अकराही दिवस दोघं फिल्टरच्या मागे
अंग चोरून उभी.
वर एलईडीची पट्टी, दवाखान्यात असते तशी.
त्यांना छप्पर नकोय, ती म्हणाली, सावली हवीय.
चांदिवलीत पत्र्याखाली वीस मे महिने काढलेल्या माणसाला
यातला फरक समजावायची गरज नव्हती.

रविवारी मरोळला, लॉरेन्सच्या दुकानात.
बादल्या, टब, अंघोळीचे जुने मग,
जिकडेतिकडे हिरवं तरंगतंय.
किती झाकायचंय? त्यानं आधी हेच विचारलं,
भाव नंतर.

गोंडाळ दाखवली: कोबीचं पिल्लू, मखमली,
पण वाढली की ताटाएवढी.
साल्विनियाच्या पानावर बारीक केस,
थेंब टाकला की घरंगळून जातो,
मृण्मयीनं सात वेळा टाकून बघितला.
एक लाल मुळांची, वीस पानांचे दीडशे,
उजेड कमी पडला की साधी हिरवी होते.
रुसकी आहे, लॉरेन्स म्हणाला.
आणि एका मगात मसुराच्या डाळीएवढी
टिकलीच टिकली.
तिच्यावर त्यानं तळहात ठेवला, झाकणासारखा.
ही फुकट देतो, पण नेऊ नका.
एक पान मनगटाला चिकटून गेलं तरी
वर्षभरात घर तिचं, भाडेकरू तुम्ही.

जलपर्णी नाही ठेवत? मी उगाच विचारलं.
तिला तलाव लागतो, तो म्हणाला,
आणि माझ्या नखांकडे बघितलं.

शेवटी फ्रॉगबिट. साठ रुपये.
दोनच्या नाण्याएवढी गोल पानं,
खाली लांब मुळं, न विंचरलेली.
वर हातभर हवेची नळी दिली:
टोकाला टोक जोडून कडं करा, पाण्यावर सोडा,
झाडं आत शिरत नाहीत. दाणा तिथंच टाका.
गुरामी वर येऊन हवा पिते,
तिला दार उघडं लागतं.

चौथ्या दिवशी नर बाहेर आला.
मुळांना मिशांनी चाचपत राहिला,
अंधारात खिसे चाचपावेत तसा.
मग एका पानाखाली बुडबुडे रचू लागला, एकेक.
मृण्मयी परीक्षेचं वाचन सोडून
स्टुलावर बसून राहिली,
आणि तिची आई काही बोलली नाही.

आता दर रविवारी ओंजळभर काढावी लागते.
गटारात नाही टाकत. गटार कुठं जातं
ते मला माहीत आहे.
खिडकीच्या ग्रिलवर वाळवतो, कढीपत्त्याच्या कुंडीत घालतो.
अर्धं पाणी झाकलेलं, अर्धं उघडं,
त्यातही मृण्मयीचं आणि माझं
चार बोटांवरून भांडण.

तलावाला असं कुणी विचारलं नव्हतं.
दांडा ओढताना हल्ली मी पट्ट्याकडे बघतो.
काल मुळांच्या झुपक्यात
बोटाच्या पेराएवढं काहीतरी तडफडलं.
यंत्र थांबवलं, हातानं सोडवलं,
मोकळ्या पाण्यात टाकलं.
मुकादमानं विचारलं, बिघाड काय?
वहीत रकाने तीनच: तास, डिझेल, डंपर.
मी म्हणालो, पट्टा अडकला होता.